सुका बोंबील ओल्यात

उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील काही दिवस उन्हात लटकतो, वाळून काडीसारखा होतो आणि मग जन्मभर ‘सुका’ म्हणून ओळखला जातो. बाजारात सुका, बरणीत सुका, रश्श्यात पोहत असला तरी सुक्या बोंबलाचाच रस्सा. पण निवडताना त्याचं डोकं नि शेपटी मोडून बाजूला टाकली की त्या क्षणापासून सरकारच्या लेखी तो ओला. कोळणीने आठवडाभर खपून सुकवलेला मासा महापालिकेच्या डब्यात पडता पडता ओला होतो, आणि याचा जाब विचारायला बोंबील उरलेला नसतो.

बोंबलाचंच कशाला? हात लावला की खुळखुळावीत इतकी कोरडी कांद्याची टरफलं ओली. दुधाची रिकामी पिशवी आतून दुधाने आणि बाहेरून फ्रिजच्या घामाने निथळत असते, ती सुकी. जूनच्या पहिल्या सरीत दारात पडून लगदा झालेलं वर्तमानपत्रही सुकंच. नारळाच्या करवंटीवर तर घराघरांत दोन पक्ष आहेत. ती झाडाची म्हणून ओली, असं एक मत; विळीच्या पात्यालाही दाद देत नाही म्हणून सुकी, असं दुसरं. तिसरं मत सासूबाईंचं: करवंटी टाकायचीच नसते, बंबाला लागते. बंब जाऊन गिझर येऊन तीस वर्षं झाली, तरी करवंट्या गॅलरीत जमतातच.

दोष सगळा या दोन शब्दांचा. सरकारी मराठीत ओल्यासाठी ‘जैवविघटनशील’ असा भारदस्त शब्द आहे, पण सकाळी सात वाजता जिन्यात उभं राहून ‘जैवविघटनशील आणाऽऽ’ अशी हाक देणारा सफाई कामगार अजून जन्माला यायचाय. ‘कुजणारा’ आणि ‘न कुजणारा’ हे साधे, नेमके शब्द होते. पण नव्या फ्लॅटच्या मॉड्युलर किचनमध्ये ‘कुजणारा’ असं लिहिलेला डबा कोण ठेवणार? म्हणून ओला नि सुका आले, आणि त्यांच्याबरोबर बोंबलाचा घोळ आला.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला कचऱ्याचे तीन वाटे करायला सांगितलं: ओला, सुका आणि घरगुती घातक. घातक म्हणजे गेलेल्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेल्या गोळ्या. हे अंगवळणी पडतंय न पडतंय तोच २०२६चे नवे नियम आले आणि वाटे चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. अंमलाची तारीख १ एप्रिल. सरकारी वर्ष त्या दिवशी सुरू होतं म्हणून हो. उगाच दुसरा अर्थ काढू नये.

मीरा-भाईंदर हे या साऱ्या प्रयोगाला नामी शहर. १९८५ साली पाच ग्रामपंचायतींची मोट बांधून इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महापालिका. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाख नऊ हजार भरली होती. त्यानंतर जे टॉवर उठले त्यांची मोजदाद अजून व्हायचीय. मिठागरं, मच्छीमारांची गावं, लोकलचा फलाट आणि तेविसाव्या मजल्यावरचा जलतरण तलाव, सगळं एकाच पालिकेत. इथला कचरा नुसता पाहून पत्ता सांगता येतो. भाईंदर पश्चिमेच्या जैन सोसायटीच्या डब्यात कांद्याचं साल औषधालाही मिळणार नाही. नयानगरच्या डब्यात नळीची हाडं, उत्तन-चौकच्या डब्यात बांगड्याची डोकी. आणि मीरा रोडच्या ज्या बिल्डिंगीत नवरा-बायको दोघंही सातच्या लोकलने चर्चगेट गाठतात, तिथल्या डब्यात स्वयंपाकाची खूणच नसते. ऑनलाइन मागवलेल्या जेवणाचे काळे प्लास्टिकचे डबे तेवढे चळतीने असतात, आणि तेही न धुतलेले.

२०२५च्या जुलैत हे शहर दोनदा बातम्यांत आलं. एकदा भाषेवरून: कोणी कुठल्या भाषेत बोलावं यावर मोर्चे निघाले. आणि दुसऱ्यांदा १७ तारखेला, दिल्लीच्या विज्ञान भवनात. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते स्वच्छ सर्वेक्षणाचे पुरस्कार दिले गेले, त्यात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत मीरा-भाईंदर देशात पहिलं. पाठोपाठ बिलासपूर आणि जमशेदपूर. भाषेवरून भांडणाऱ्या शहराचं कचऱ्यावर मात्र एकमत दिसलं. ‘ओला-सुका’ म्हणा की ‘गीला-सूखा’ म्हणा, दोन्ही एकाच काळ्या पिशवीत कोंबून गाठ मारण्याची पद्धत सर्व भाषिकांत सारखी आहे. या बाबतीत राष्ट्रीय एकात्मता फार पूर्वीच साधलेली होती.

बातमी सोसायट्यांच्या ग्रुपवर यायला अर्धा तासही लागला नसेल. आधी टाळ्या आणि तिरंगे. मग एक शंकेखोर सदस्य: ‘आपलंच का? दुसरं एखादं मीरा-भाईंदर नाही ना?’ मग रिक्षा स्टँडमागच्या ढिगाऱ्याचा फोटो, त्याखाली पुन्हा टाळ्या. आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न, ज्याला कोणीच उत्तर दिलं नाही: ‘शहराला ट्रॉफी मिळाली, ते छान झालं. पण रोज दोन डबे भरणाऱ्याला काय?’

प्रश्न रास्त आहे. नीट वेगळा केलेला कचरा देणाऱ्या घरांना बक्षीस द्यावं, ही कल्पना हल्ली शहरोशहरी फिरते. कुठे कूपन, कुठे करात सूट, कुठे पॉइंट. जणू काही नवीनच निघालंय. मराठी घराने कचऱ्यावर बक्षीस घ्यायला फार पूर्वी सुरुवात केली होती. दुपारी अडीचला दारात बोहारीण बसे, पाटीत स्टीलची भांडी. आतून कपड्यांचं गाठोडं येई: जरीचं वेगळं, टेरिकॉट वेगळं, सुती वेगळं, सदरे वेगळे, पँटी वेगळ्या. हे वर्गीकरण शिकवायला कोणी पथनाट्य केलं नव्हतं. चार साड्या नि तीन पँटींना एक पातेलं ठरे. मग झाकणावरून पाऊण तास. झाकणासाठी नवऱ्याचा एक शर्ट आतून यायचा, आणि तो जुना होता की नाही हे नवऱ्याला संध्याकाळी कळायचं.

रद्दीचंही तेच. वर्तमानपत्रं एका गठ्ठ्यात, मासिकं दुसऱ्यात, वह्या तिसऱ्यात, खोकी चपटी करून भिंतीला टेकवलेली. मराठी पेपरपेक्षा इंग्रजी पेपरच्या रद्दीला किलोमागे भाव जास्त, हेही घरातल्या पोरापासून सगळ्यांना तोंडपाठ. या भाषिक अन्यायावर मात्र मोर्चा निघाला नाही. रद्दीवाल्याच्या काट्यावर कोणाचाच भरवसा नाही, म्हणून घरच्या वजनकाट्यावर आधी तोलून घ्यायचं. पितळेचा नळ, बिअरची बाटली, जुना पंखा, मिक्सरची मोटर यांतली एकही वस्तू चहाच्या चोथ्यात मिसळलेली आजवर कोणी पाहिली नसेल. ज्याला गिऱ्हाईक आहे तो माल मराठी माणूस बरोबर वेगळा करतो.

गोची एवढीच की कांद्याच्या सालाला गिऱ्हाईक नाही. शिळ्या आमटीला नाही, भिजलेल्या चोथ्याला नाही, आंब्याच्या कोयीला नाही. दारावर येऊन ‘ओलाऽऽ कचरा’ असं कोणी ओरडत नाही. त्यामुळे लोक कचरा वेगळा करत नाहीत हे म्हणणं अर्धंच खरं. लोक विकाऊ कचरा पिढ्यान्‌पिढ्या वेगळा करत आलेत. न विकणारा अनाथ असतो आणि तो जो कोणी जवळ असेल त्याच्या गळ्यात पडतो. सरकारला बक्षीस लावायचंच असेल तर ते या अनाथावर लावायला हवं. प्रत्यक्षात बक्षिसं बहुधा बाटल्यांना आणि पिशव्यांना लागतात, ज्यांना आधीच दोन पैसे मिळत होते.

पिशवीवरून आठवण निघाली. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशवीला अभय देताना एक अट घातली: पिशवीमागे ५० पैसे जादा घ्यायचे आणि रिकामी पिशवी परत आणली की परत द्यायचे. पुढच्या वर्षी तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी विधानसभेत हिशेब सांगितला होता: राज्यात रोज एक कोटी पिशव्या, म्हणजे ३१ टन प्लास्टिक. भागाकार केला तर एक पिशवी तीन ग्रॅमच्या थोडी वर आणि किलोत साधारण ३२२. पन्नास पैशांनी १६१ रुपये किलो! कुठल्याही भंगारवाल्याने छातीला हात लावावा असा भाव. गृहिणींनी पिशव्या कापून, धुऊन, नळामागच्या टाइलवर चिकटवून वाळवायला घेतल्या. पण पन्नास पैशांचं नाणं खिशात बाळगणारा दूधवाला काही भेटला नाही. पिशव्या वाळल्या, गठ्ठे झाले, आणि शेवटी भंगारवाल्याने ते बाकीच्या भंगाराबरोबर ‘असू द्या’ म्हणून नेले.

छत्तीसगडच्या अंबिकापूरने २०१९ मध्ये यावर रोखठोक तोड काढली. तिथे पालिकेने गार्बेज कॅफे उघडला: एक किलो प्लास्टिक आणा, पोटभर जेवा; अर्धा किलो आणा, नाश्ता करा. योजना मुख्यतः रस्त्यावर प्लास्टिक वेचणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्यासाठी ती खरोखर मोलाची. मीरा रोडच्या दोन पिशव्या दूध घेणाऱ्या घराला मात्र एका थाळीसाठी पाच महिने आणि वर दहा दिवस थांबावं लागेल. तोवर पाहुणे येऊन गेलेले असतात.

आपल्याकडच्या महापालिकांची आवडती बक्षीसपद्धत म्हणजे घरपट्टीत सूट. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सूट मिळते. कागदावर उत्तम. आता ही सूट हातात घेऊन एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जाऊ. समजा एका फ्लॅटची घरपट्टी वर्षाला सहा हजार. पाच टक्के म्हणजे ३०० रुपये. दिवसाला ८२ पैसे. खजिनदार ही आकडेवारी वाचून दाखवतात आणि सभागृहात जी शांतता पसरते तशी शोकसभेतही नसते.

मग चर्चा. ‘८२ पैशांसाठी मी माझा कचरा चिवडू?’ हे एक. ‘सूट मालकाला, डबे भाडेकरूने भरायचे?’ हे दुसरं, आणि ते बिनतोड आहे. मालक बोरिवलीत, नाहीतर दुबईत. घरपट्टी त्याच्या नावावर. कांद्याचं साल भाडेकरूचं. तिसऱ्याचं म्हणणं, मी एकटाच राहतो, माझा कचरा कमी, मला जास्त सूट हवी. यावर चार मुलं असलेले गृहस्थ उठून उभे राहतात. आणि या सगळ्यात कोणी एक गोष्ट बोलत नाही, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक असते: बहुतेक घरांत वर्गीकरण मालकही करत नाही नि भाडेकरूही करत नाही. ते सकाळी साडेनऊला येणारी मावशी करते.

तिला एकदा ओट्यापाशी पाहावं. तीन घरं आटोपून ती चौथ्यात शिरलेली असते. सिंकच्या जाळीतून खरकटं मुठीने काढून हिरव्या, म्हणजे ओल्याच्या डब्यात. ताटात राहिलेला टिश्यू पेपर चिमटीत धरून क्षणभर विचार, मग निळ्या, सुक्याच्या डब्यात. दह्याचा डबा झटकन विसळून निळ्यात. ‘ताई, हे?’ असं विचारून ती टीबॅग वर धरते: आत पत्ती, बाहेर कागद, वर दोरा, दोऱ्याला पिन. ताई मोबाइलवरून मान न काढता म्हणतात, ‘टाक कुठेही.’ एमबीए झालेल्या बाईला न सुटलेला प्रश्न मावशी तिथल्या तिथे सोडवते: पिन ओढून काढते, दोरा तोडते, उरलेलं हिरव्यात टाकते. घरपट्टीतली सूट मात्र तिच्या घरी जात नाही. ती राहते त्या चाळीला घरपट्टीच वेगळी आणि घंटागाडीही वेगळ्या वेळेची. खाली वॉचमन पुन्हा एकदा पिशव्या उघडतो. गाडीवरचा कामगार तिसऱ्यांदा. बक्षीस कोणाला द्यायचं हे ठरवायला समिती नेमण्याऐवजी कोणाच्या नखांत चोथा आहे ते पाहिलं तरी पुरे.

बक्षीस घरात पोचलं की चालतं, याचा दाखला छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावात मिळतो. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना ग्रामपंचायतीने ठरवलं: जो पूर्ण कर भरेल त्याला वर्षभर दळण फुकट. टक्के नाहीत, पॉइंट नाहीत, पुढच्या बिलात वळते करण्याची भानगड नाही. डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन जायचं नि पीठ घेऊन यायचं. कर न भरलेल्याला गिरणीच्या रांगेत पैसे मोजावे लागतात, ते सगळं गाव पाहतं. बक्षीस आणि दंड एकाच चक्कीतून निघतात. मीरा रोडला चक्की द्यायला हरकत नाही, पण आता गहू कोण आणतंय?

तसं पाहिलं तर स्वच्छतेला स्पर्धेची नि बक्षिसाची गोडी महाराष्ट्राने २०००च्या सुमारास लावली, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना. अभियानाला नाव दिलं संत गाडगेबाबांचं. हातात खराटा घेऊन गावात शिरायचं, आधी रस्ते झाडायचे, मग कीर्तन करायचं, आणि पैसे, हारतुरे काहीही न घेता निघून जायचं, अशा माणसाच्या नावाने बक्षिसाची रक्कम जाहीर व्हावी, ही गंमत खुद्द बाबांनी कीर्तनात छान रंगवली असती. पण गावं झाडली गेली हेही खरं.

परदेशात ही भानगड कुठवर गेलीय ते पाहिलं की आपले चार डबे सुसह्य वाटतात. जपानच्या कामिकात्सु गावात कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. गाडी येतच नाही, ज्याने त्याने आपला कचरा केंद्रावर न्यायचा. सोलमध्ये बक्षिसाच्या उलट चाल आहे: कित्येक इमारतींत खरकट्याचा डबा कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाही, पडेल तेवढं तोलतो आणि तेवढं बिल लावतो. म्हणून तिथे लोक टाकण्याआधी खरकटं पिळून घेतात. जर्मनीत २००३पासून प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली यंत्रात ढकलली की पावती. पुण्यात पाण्याची बाटली खिडकीतून भिरकावणारा तरुण म्युनिकला गेल्यावर दर शनिवारी दोन पोती बाटल्या घेऊन रांगेत उभा असतो, आणि त्या पावतीतून घरची मंडळी आली की दूध-भाजी भागते, असं आईला व्हिडिओ कॉलवर अभिमानाने सांगतो. आई इकडे दुधाच्या पिशव्या वाळवत असते, हे तो सोयीस्करपणे विसरतो.

मीरा-भाईंदरच्या हिशेबात मात्र एक खातं बक्षिसाच्या योजनेत दिसत नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षं जातो तो उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर. ओलं नि सुकं एकत्र गेलं की ढिगाच्या पोटात हवा न लागता ते सडतं, मिथेन तयार होतो, उन्हाळ्यात धुमसतं नि पेटतं. पावसाळ्यात काळं पाणी उतारावरून शेतांकडे येतं. धूर उतरतो तो कुठल्या टॉवरवर नाही. ज्या गावांत बोंबील वाळत घातलेला असतो तिथे. तिथल्या लोकांनी आंदोलनं केली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. मीरा रोडच्या स्वयंपाकघरात चोथा चुकीच्या डब्यात पडतो तेव्हा त्याची शिक्षा डबा भरणाऱ्याला होत नाही, वलांडीला होते. दहा-बारा किलोमीटरवरून आलेला टोमॅटोचा लगदा त्यांच्या दारात सडतो, आणि त्यांच्या बोंबलाची डोकी आपण ओली की सुकी यावर वाद घालतो.

हा माल डोंगरावर चढूच नये म्हणून पाच हजार चौरस मीटरवरच्या मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याचं आवारातच खत करावं, असं २०१६च्या नियमांतही होतं. अशा एखाद्या सोसायटीत ते सुरू होतं तेव्हाचा सोहळा बघण्यासारखा. पार्किंगच्या कोपऱ्यात दोन ड्रम येतात, नारळ फुटतो (करवंटीचं काय करायचं यावर तिथेच पुन्हा चर्चा), नगरसेवकांसोबत फोटो. भुसा, थोडं ताक-गुळाचं पाणी, रोज एक थर. पहिल्या आठवड्यात तळमजल्याची तक्रार, दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मजल्याची. तिसऱ्यात वास बसतो, कारण कोणीतरी भुसा जास्त टाकायला लागलेलं असतं, बहुधा वॉचमन. दीड-दोन महिन्यांनी ड्रम उघडतात. काळंभोर, भुसभुशीत, पावसाच्या मातीचा वास येणारं खत. आणि त्यात चमचे.

चमचे प्रत्येक ड्रममधून निघतात. हा न सांगितलेला नियम आहे. स्टीलचे चहाचे चमचे, एक कढीची पळी, एक सोलाणं, बाळाचा चांदीचा वाटावा असा छोटा चमचा, आणि एखादं कानातलं. ज्या घरांनी वर्षभर ‘आमच्याकडे रोज वेगळा करतात’ म्हणून सह्या केल्या, त्यांच्याच आमटीच्या तळाशी बसून हे सगळे हिरव्या डब्यात गेलेले असतात. नीट वर्गीकरणाचं पहिलं, हातात पडणारं, घासून लख्ख करता येणारं बक्षीस!

सेक्रेटरी नोटीस लावतात: खतात सापडलेले ११ चमचे, १ पळी व इतर वस्तू वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवल्या आहेत, ज्यांच्या असतील त्यांनी ओळख पटवून घेऊन जाव्यात. कानातलं अर्ध्या तासात गेलं. बाकी कोणी फिरकत नाही. चमचा आपला म्हणायचा तर डबा न बघता ओतला हे कबूल करावं लागतं, आणि ते ग्रुपवर येणार. काकू दोनदा केबिनवरून गेल्या, पळीकडे पाहिलं, पाणी कधी येणार ते विचारलं आणि वर निघून गेल्या. सध्या वॉचमनकडे चहाला कोणी गेलं तर प्रत्येकाला स्वतंत्र चमचा मिळतो.